लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत व परिणाम

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, ही जठराचा आकार लहान करून, लहान आतड्यातील अन्नाचा मार्ग बदलून किंवा हे दोन्ही उपाय एकत्र योजून वजन घटवणारी उपचारपद्धती आहे. तीव्र लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींच्या वजनात मोठी व टिकाऊ घट, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावर नियंत्रण आणि मृत्यूच्या प्रमाणात घट हे तिचे प्रमुख फायदे मानले जातात. मात्र ही शस्त्रक्रिया पचनसंस्थेच्या रचनेत किंवा कार्यात दीर्घकालीन बदल घडवते आणि त्या बदलातून उद्भवणारे धोकेही दीर्घकाळ सोबत राहतात. पहिल्या काही दिवसांत शिवणीतून गळती, रक्तस्राव व रक्ताच्या गुठळ्या. पहिल्या काही महिन्यांत सततच्या उलट्या, पित्ताचे खडे व थायमिनची कमतरता. आणि पुढील वर्षांत अंतर्गत हर्निया, व्रण, रक्तक्षय व हाडांची झीज, असा या गुंतागुंतीचा साधारण कालक्रम आहे. यांपैकी बरीच गुंतागुंत वेळीच ओळखल्यास टाळता येते किंवा तिच्यावर उपचार करता येतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचे अंतिम फलित शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच नंतरच्या आजीवन वैद्यकीय पाठपुराव्यावर अवलंबून असते.

## शस्त्रक्रियेचे प्रमुख प्रकार

कोणती गुंतागुंत संभवते हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर बरेचसे अवलंबून असते. सध्या प्रचलित असलेल्या बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे, पोटावर लहान छेद घेऊन केल्या जातात.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी: या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकला जातो व उरलेले जठर नळीसारखे अरुंद होते. आतड्याचा मार्ग बदलत नाही. काढलेल्या भागात भुकेशी संबंधित घ्रेलिन या संप्रेरकाची मोठ्या प्रमाणावर निर्मिती होत असल्याने भूकही मंदावते. जगात सध्या हीच शस्त्रक्रिया सर्वाधिक केली जाते.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास: यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटर क्षमतेची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या मधल्या भागाला जोडली जाते. अन्न उरलेले जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग वगळून पुढे जाते. लोह, कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे मुख्यतः याच वगळलेल्या भागात शोषली जातात.

एका जोडाचा बायपास: यात जठराची लांबट पिशवी एकाच जोडाने लहान आतड्याला जोडली जाते. रू-एन-वाय पद्धतीपेक्षा ही शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या सोपी असली, तरी पित्तरस उलट जठरात येण्याची शक्यता तिच्यात राहते.

समायोज्य पट्टा: यात जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवला जातो. तो सरकणे किंवा जठराच्या भित्तीत रुतणे, तसेच वजनात अपुरी घट होणे या कारणांमुळे अनेक रुग्णांमध्ये तो काढावा लागला व त्याचा वापर बराच कमी झाला.

ड्युओडेनल स्विच: यात स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीसोबत आतड्याचा मोठा भाग वगळला जातो. वजनातील घट व मधुमेहावरील परिणाम यांत ही पद्धत सर्वांत प्रभावी गणली जाते. प्रथिने, स्निग्ध पदार्थ व स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वे यांची कमतरताही तिच्यात सर्वाधिक आढळते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

वजन घटवण्यासाठी आतड्याचा मार्ग आखूड करण्याचे प्रयत्न १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाले. लहान आतड्याचा बहुतांश भाग वगळणाऱ्या जेजुनोइलियल बायपास या शस्त्रक्रियेने वजन झपाट्याने घटत असे. परंतु कालांतराने अनेक रुग्णांना तीव्र जुलाब, क्षारांचे असंतुलन, मूत्रपिंडातील ऑक्झलेटचे खडे, सांधेदुखी आणि यकृत निकामी होणे अशा विकारांना तोंड द्यावे लागले. काहींचा मृत्यू झाला, तर अनेकांमध्ये ती शस्त्रक्रिया उलटवावी लागली. १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली. वजनातील घट हा यशाचा एकमेव निकष मानता येत नाही, ही जाणीव या अनुभवातून वैद्यकशास्त्रात रुजली.

दरम्यान अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपासची पद्धत मांडली. १९९० च्या दशकात ती दुर्बिणीद्वारे करता येऊ लागल्यानंतर जखमेचा संसर्ग, छेदाच्या जागी होणारा हर्निया व श्वसनाच्या तक्रारी यांचे प्रमाण लक्षणीय कमी झाले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहमती परिषदेने बीएमआय ४० किंवा अधिक असणाऱ्या, अथवा बीएमआय ३५ किंवा अधिक असून सोबत गंभीर आजार असणाऱ्या व्यक्तींसाठी या शस्त्रक्रियेचा विचार करावा असा निकष घालून दिला. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक होय.

## पहिल्या तीस दिवसांतील गुंतागुंत

अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांवर आधारित आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लॅब्स' या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, तर मृत्यूसह कोणतीही मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, झोपेतील श्वासरोध व चालण्या-फिरण्याची क्षमता कमी असणे या बाबी अधिक धोक्याशी निगडित असल्याचे या अभ्यासात दिसले.

### गळती

जठर किंवा आतडे जेथे कापले व शिवले जाते तेथून पाचक द्रव उदरपोकळीत झिरपणे, ही सुरुवातीच्या काळातील सर्वांत चिंताजनक गुंतागुंत होय. तिचे प्रमाण कमी असले तरी निदानास उशीर झाल्यास जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव धोक्यात येतो. लठ्ठ व्यक्तीच्या पोटाच्या तपासणीत नेहमीची लक्षणे स्पष्ट जाणवत नाहीत. त्यामुळे नाडीचा वेग सतत मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, धाप व वाढती अस्वस्थता यांना विशेष महत्त्व दिले जाते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीनंतरची गळती बहुधा अन्ननलिकेजवळच्या वरच्या टोकाशी होते आणि रुग्ण घरी गेल्यानंतरही ती उद्भवू शकते. नळी घालून द्रवाचा निचरा करणे, प्रतिजैविके, दुर्बिणीतून स्टेंट बसवणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे हे तिच्यावरील उपचार आहेत.

### रक्तस्राव व रक्ताच्या गुठळ्या

शिवणीच्या रेषेतून होणारा रक्तस्राव उदरपोकळीत किंवा आतड्यात होऊ शकतो. काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर व घसरणारा रक्तदाब ही त्याची लक्षणे आहेत.

पायाच्या खोल शिरांमध्ये तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. हा धोका रुग्णालयातून घरी गेल्यानंतरही काही आठवडे राहतो. शक्य तितक्या लवकर चालणे, पायांवर दाब देणारी साधने व रक्त पातळ ठेवणारी औषधे यांनी तो कमी करता येतो.

## पहिल्या काही महिन्यांतील गुंतागुंत

### सततच्या उलट्या व थायमिनची कमतरता

घाईने किंवा जास्त खाल्ल्यास सुरुवातीला उलटी होणे सामान्य आहे. मात्र पाणीही पोटात न टिकणे हे जोड आक्रसल्याचे किंवा स्लीव्ह अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. जोड आक्रसल्यास तो बहुधा दुर्बिणीतून फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येतो.

उलट्यांचा अधिक गंभीर परिणाम म्हणजे थायमिनची, अर्थात जीवनसत्त्व ब१ ची कमतरता. शरीरातील थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपल्यावर डोळ्यांच्या हालचालींत बिघाड, तोल जाणे व मानसिक गोंधळ ही वेर्निके विकाराची लक्षणे दिसू शकतात. ही तिन्ही लक्षणे प्रत्येक रुग्णात एकत्र दिसतातच असे नाही. उपचारास उशीर झाल्यास स्मृतिभ्रंश कायमचा राहू शकतो. थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाइन लावल्यास हा विकार बळावू शकतो, कारण ग्लुकोजच्या चयापचयासाठी थायमिनच खर्ची पडते. म्हणून अशी शस्त्रक्रिया झालेल्या व वारंवार उलट्या होणाऱ्या रुग्णास तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्यासोबत, शिरेतून थायमिन दिले जाते.

### पित्ताचे खडे

वजन झपाट्याने उतरताना पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते व पित्ताशयाचे आकुंचनही मंदावते. परिणामी पहिल्या काही महिन्यांत खडे होण्याची शक्यता वाढते. ती कमी करण्यासाठी उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध सुमारे सहा महिने दिले जाते. बायपासनंतर नेहमीच्या मार्गाने दुर्बीण पित्तनलिकेपर्यंत पोहोचू शकत नसल्याने नलिकेत अडकलेला खडा काढणे अवघड होते.

### केस गळणे व औषधांच्या मात्रा

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास अनेकांचे केस गळतात. जलद वजनघटीच्या ताणामुळे होणारी ही गळती बहुधा तात्पुरती असते. परंतु ती दीर्घकाळ चालू राहिल्यास प्रथिने, लोह किंवा जस्ताची कमतरता तपासली जाते.

याच काळात मधुमेह व उच्च रक्तदाबावरील औषधांची गरज वेगाने घटते. जुन्याच मात्रा चालू ठेवल्यास रक्तातील साखर किंवा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.

## दीर्घकालीन गुंतागुंत

### अंतर्गत हर्निया

बायपासमध्ये आतड्याची नवी मांडणी करताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी निर्माण होतात. वजन उतरून पोटातील चरबी कमी झाल्यावर या फटी रुंदावतात आणि आतड्याचे वेटोळे त्यांत अडकू शकते. जेवणानंतर थांबून थांबून येणारी पोटदुखी हे त्याचे सुरुवातीचे एकमेव लक्षण असू शकते आणि ती आम्लपित्त समजून दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यास काही तासांत आतडे मृत होऊ शकते. सीटी स्कॅन निर्दोष दिसला तरी हर्निया नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. त्यामुळे तीव्र किंवा वारंवार दुखणाऱ्या रुग्णात दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहणी करण्याचा निर्णय घेतला जातो.

स्वीडनमधील १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या फटी शस्त्रक्रियेच्या वेळीच शिवल्यास आतड्याच्या अडथळ्यासाठी तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. मात्र फटी शिवलेल्या गटात पहिल्या ३० दिवसांतील गंभीर गुंतागुंत काहीशी अधिक होती, कारण शिवताना आतड्याच्या जोडाला मुरड पडू शकते.

### जोडावरील व्रण

जठराची पिशवी व आतडे यांच्या जोडाशी आम्लामुळे व्रण होऊ शकतो. धूम्रपान, आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग ही त्याची महत्त्वाची कारणे आहेत. व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला भोक पडू शकते. म्हणून बायपास झालेल्यांनी या गटातील वेदनाशामके शक्यतो कायमची टाळावीत आणि धूम्रपान पूर्णपणे बंद ठेवावे असा सल्ला दिला जातो.

### डंपिंग व रक्तातील साखर उतरणे

बायपासनंतर गोड किंवा पिष्टमय पदार्थ जठरात न थांबता झपाट्याने आतड्यात उतरतात. खाल्ल्यानंतर साधारण तासाभरात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब व चक्कर येणे याला लवकरचे डंपिंग म्हणतात. एक ते तीन तासांनी इन्शुलिन अतिरिक्त स्रवून साखर उतरण्याचा प्रकार उशिराचा मानला जातो. तो शस्त्रक्रियेनंतर एखाद्या वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा सुरू होऊ शकतो व कधी रुग्ण बेशुद्ध पडण्याइतका तीव्र असतो. थोडे थोडे खाणे, साखर टाळणे, प्रथिने व तंतुमय पदार्थ वाढवणे आणि जेवताना पाणी न पिणे यांनी बहुतेकांना आराम पडतो.

### आम्लाचा उलट प्रवाह

स्लीव्हनंतर जठरातील दाब वाढल्याने आम्ल अन्ननलिकेत येण्याचा त्रास नव्याने उद्भवू शकतो किंवा आधीचा त्रास वाढू शकतो. फिनलंडमधील 'स्लीव्हपास' चाचणीत दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के, तर बायपासच्या गटात ७ टक्के आढळला. ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच हा विकार तीव्र स्वरूपात आहे, त्यांच्यासाठी बायपास अधिक योग्य मानला जातो.

### मूत्रपिंडातील खडे

स्निग्ध पदार्थ नीट शोषले न गेल्यास ते आतड्यातील कॅल्शियमला बांधून ठेवतात. त्यामुळे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठते. पुरेसे पाणी पिणे व जेवणासोबत कॅल्शियम घेणे हे त्यावरील प्रतिबंधक उपाय आहेत.

## पोषणद्रव्यांची कमतरता

आहार कमी होणे, आम्लाचे प्रमाण घटणे आणि शोषणाची जागा वगळली जाणे या तीन कारणांनी पोषणद्रव्यांची कमतरता निर्माण होते.

* लोह: कमतरतेमुळे रक्तक्षय होतो. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अधिक असतो. गोळ्यांनी पातळी न वाढल्यास लोह शिरेतून द्यावे लागते.
* जीवनसत्त्व ब१२: यकृतातील साठा काही वर्षे पुरू शकत असल्याने कमतरता उशिरा उघड होते. रक्तक्षयाबरोबर हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे व विस्मरण ही लक्षणे दिसतात. मज्जातंतूंची हानी कायमची ठरू शकते.
* कॅल्शियम व जीवनसत्त्व ड: यांच्या अभावी शरीर हाडांतील कॅल्शियम वापरू लागते. बायपासनंतर अस्थिभंगाचे प्रमाण वाढते असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आम्ल कमी असल्याने कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट अधिक चांगले शोषले जाते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवले जाते.
* प्रथिने: प्रौढांसाठी दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिनांची शिफारस सामान्यतः केली जाते. कमतरतेत स्नायू झिजतात, सूज येते व जखमा भरून येण्यास विलंब होतो.
* तांबे, जस्त व जीवनसत्त्व अ: यांची कमतरता मुख्यतः आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर दिसते. तांब्याच्या कमतरतेची लक्षणे ब१२ च्या कमतरतेसारखीच असल्याने निदान चुकू शकते. जीवनसत्त्व अ च्या अभावी रातांधळेपणा येतो.

या पूरक गोळ्या ठरावीक मुदतीच्या औषधोपचाराचा भाग नसून आयुष्यभर घ्यावयाच्या असतात. प्रकृती उत्तम वाटू लागल्यावर त्या बंद केल्या गेल्यास कमतरतेची लक्षणे काही वर्षांनी दिसू लागतात आणि तोवर त्यांचा शस्त्रक्रियेशी असलेला संबंध रुग्ण व डॉक्टर या दोघांच्याही ध्यानात येत नाही.

## मानसिक व सामाजिक परिणाम

वजन उतरल्यावर आत्मविश्वास, हालचालींतील सुलभता व जीवनमान यांत सुधारणा होते. मात्र हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. जलद वजनघटीनंतर लोंबणारी त्वचा, बदललेले नातेसंबंध आणि खाण्यातून मिळणारा दिलासा हरवणे यांचा मनावर ताण येऊ शकतो.

बायपास व स्लीव्हनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने मिसळते व नशा लवकर चढते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात मद्यसेवनाशी संबंधित विकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षात ७.६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात ते ७.३ टक्के, तर दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के आढळले. म्हणजेच हा धोका पहिले वर्ष सुरळीत पार पडल्यानंतर पुढे येतो. आत्महत्या व स्वतःस इजा करून घेणे यांचे प्रमाणही शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक असल्याचे एकाहून अधिक अभ्यासांनी नोंदवले आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या मानसिक मूल्यमापनाइतकेच नंतरच्या वर्षांतील मानसिक आधारालाही महत्त्व आहे.

## गर्भधारणा

वजन उतरल्याने स्त्रीबीजनिर्मिती पुन्हा नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता वाढते. परंतु जलद वजनघटीच्या काळात गर्भाला पुरेसे पोषण मिळत नसल्याने शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण खात्रीशीर नसल्याने इतर साधने सुचवली जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या मातांमध्ये गर्भारपणातील मधुमेह व अतिवजनाची बाळे यांचे प्रमाण कमी, तर अपेक्षेपेक्षा लहान बाळांचे प्रमाण अधिक आढळले.

## दीर्घकालीन फलिते

### वजन

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा सर्वांत दीर्घ पाठपुरावा असलेल्या अभ्यासांपैकी एक म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेला 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' हा अभ्यास. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व्यक्तींची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्या २,०३७ व्यक्तींशी करण्यात आली. वजनातील घट पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक होती व नंतर काही वजन परत आले. दहा वर्षांनी बायपासच्या गटात मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्के, तर जठरपट्ट्याच्या गटात १४ टक्के घट टिकून होती. काही वजन परत वाढणे हे या उपचाराचे अपेक्षित वैशिष्ट्य आहे. त्यास केवळ रुग्णाच्या निश्चयाचा अभाव कारणीभूत असतो असे नाही.

### मधुमेह

आतड्यातील संप्रेरकांत होणाऱ्या बदलांमुळे, विशेषतः बायपासनंतर, लक्षणीय वजन उतरण्याआधीच रक्तातील साखर सुधारू लागते. उपरोक्त स्वीडिश अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह ओसरला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील 'स्टॅम्पीड' चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली असण्याचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के व बायपासनंतर २९ टक्के होते. म्हणजेच शस्त्रक्रिया औषधांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, तरी मधुमेह सर्वांचा व कायमचा जात नाही. साखर नियंत्रणात आल्यानंतरही डोळे, मूत्रपिंड व पाय यांची वार्षिक तपासणी आवश्यक राहते.

### आयुर्मान

स्वीडिश अभ्यासाच्या २०२० मधील निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३ वर्षांनी अधिक होते. तरीही ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा सुमारे ५.५ वर्षांनी कमीच राहिले. याच अभ्यासात पहिल्या ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के होते. अमेरिकेच्या यूटा राज्यातील व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या ७,९२५ व्यक्तींमध्ये एकूण मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळले. मधुमेह, हृदयविकार व कर्करोग यांमुळे होणारे मृत्यू घटले. मात्र अपघात व आत्महत्या यांसारख्या, आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते.

## भारतीय संदर्भ

भारतीयांमध्ये तुलनेने कमी बीएमआयलाही पोटाभोवती चरबी साठते व मधुमेह होतो. पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दिसायला सडपातळ परंतु चरबीचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीय शरीरठेवणीकडे लक्ष वेधले. त्यामुळे भारतीयांसाठी शस्त्रक्रियेचे निकषही खाली आणण्यात आले. २००९ मधील भारतीय सहमतीपत्रात बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा संबंधित आजार असल्यास ३२.५ च्या वर, ही मर्यादा सुचवण्यात आली. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई व्यक्तींसाठी बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असे नमूद केले. याउलट, आरोग्य विम्याच्या भारतीय नियमावलीत बीएमआय ४०, किंवा ३५ व सोबत ठरावीक गंभीर आजार, हाच निकष ठेवण्यात आला. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेली व्यक्ती विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकते. विम्यातून शस्त्रक्रियेचा खर्च मिळाला तरी नंतरच्या गोळ्या व रक्ततपासण्यांचा नियमित खर्च बहुधा रुग्णालाच करावा लागतो.

पोषणाच्या बाबतीतही वेगळी काळजी आवश्यक ठरते. ब१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींत त्याची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच असू शकते. पुणे परिसरातील पुरुषांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींमध्ये ब१२ ची पातळी कमी आढळली होती. अशा वेळी ती आधी भरून काढणे इष्ट असते. महाराष्ट्रातील नेहमीच्या जेवणात भाकरी, पोळी व भात यांचा वाटा मोठा असतो. लहान झालेले जठर त्यांनीच भरल्यास प्रथिनांसाठी जागा उरत नाही. म्हणून डाळ, उसळ, पनीर, दही, अंडी किंवा मासे आधी खाण्यास सांगितले जाते. साबुदाण्यासारख्या उपवासाच्या पदार्थांत पिष्ट भरपूर व प्रथिने नगण्य असतात. उसाचा रस, सरबत व श्रीखंड यांनी बायपास झालेल्यांना डंपिंगचा त्रास होऊ शकतो. चहातील घटकांमुळे लोहाचे शोषण घटत असल्याने लोहाची गोळी चहासोबत घेतली जात नाही.

## पाठपुरावा व धोक्याची लक्षणे

पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी व त्यानंतर आयुष्यभर वर्षातून किमान एकदा तपासणी केली जाते. तीत रक्ताची सर्वसाधारण तपासणी, लोह, ब१२, फोलेट, जीवनसत्त्व ड, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य आणि एचबीए१सी यांचा समावेश असतो. आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्लाही पाठपुराव्याचा भाग मानला जातो.

पुढील लक्षणे दिसल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते:

* नाडी सतत जलद चालणे, ताप, धाप लागणे किंवा छातीत दुखणे
* पोटात तीव्र किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना
* एक-दोन दिवसांहून अधिक काळ उलट्या होणे किंवा पाणीही पोटात न टिकणे
* रक्ताची उलटी किंवा काळी शौच
* एका पायाला सूज व वेदना
* दुहेरी दिसणे, तोल जाणे, गोंधळलेपणा किंवा हातापायांत वाढता बधिरपणा
* जेवणानंतर काही तासांनी घाम येऊन शुद्ध हरपणे
* सततचे नैराश्य किंवा स्वतःस इजा करण्याचे विचार

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली असली तरी अशा प्रसंगी रुग्ण बहुधा घराजवळच्या दवाखान्यात पोहोचतो. तेथील डॉक्टरांना पोटातील बदललेली रचना ठाऊक नसल्यास पोटदुखी आम्लपित्त म्हणून व उलट्या अपचन म्हणून गणल्या जाऊ शकतात आणि निषिद्ध वेदनाशामकेही दिली जाऊ शकतात. म्हणून शस्त्रक्रियेचा प्रकार, दिनांक, शल्यचिकित्सकाचा संपर्क, चालू असलेल्या पूरक गोळ्या व टाळावयाची औषधे यांची लेखी नोंद रुग्णाने कायम सोबत बाळगावी व कुटुंबीयांनाही तिची माहिती द्यावी, असा सल्ला दिला जातो.